बाळंतिणीचं मीठ

माय, मी माझ्या हातानं काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुला दुसऱ्या कशात रस नसायचा. कुणी नवा माणूस भेटला की तुझा पहिला प्रश्न, "हातानं काय येते?" तर ऐक. तुपाच्या डब्याच्या पत्र्याची शेगडी, बाळंतिणींना शेक द्यायला तुझ्यासाठी केलेली. राख खाली पडावी म्हणून तिला आत जाळी होती. अमरावतीच्या आपल्या भाड्याच्या खोलीची कडी, जी बाहेरून चोराला उघडता यायची नाही आणि एकदा तुलाही आली नाही. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये लागल्यावर चाळणी हलवणारा दांडा, जो मालक परराज्यातून मागवायला निघाला होता. भंगारात पडलेलं लेथ मशीन, एकेक दात घासून उभं केलेलं. ते अजून चालतं. पिठाच्या गिरणीवर बसणारी पेटी, जी पडत्या पिठात लोहाची आणि जीवनसत्त्वांची पूड मापानं सोडत राहते. माझ्या नातीचा पाळणा. आणि मिठावर आयोडीनचं पाणी फवारणारं यंत्र, ज्याच्यावर आज घर चालतं आणि मान ताठ राहते.

हे सगळं मी कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही. दहावीनंतर शाळा सुटली, ती कशी सुटली ते तुला माहीत आहे. पुढं जे जे बंद पडलेलं दिसलं ते उघडून पाहिलं, आणि उघडलेलं पुन्हा तसंच बसवता येईस्तोवर जेवायला उठलो नाही. पण मिठाचं पहिलं ज्ञान मात्र उघडून पाहून आलेलं नाही. ते तू दिलंस, आणि शिव्या घालून दिलंस.

तुझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लग्न होऊन अमरावतीला आलीस तरी तो खारटपणा तुझ्या डोक्यातून गेला नाही. मोहल्ल्यातल्या बाळंतिणींचं न्हाऊमाखू, शेक, जेवण, सगळं तुझ्याकडं. आणि बाळंतिणीच्या जेवणातलं मीठ म्हणजे तर तुझा खास प्रांत. हातगाडीवाल्याकडून खडे मीठ घ्यायचं. ते दोन पाण्यांनी धुवायचं. जुन्या लुगड्यावर पसरून उन्हात वाळवायचं. मग लोखंडी तव्यावर तडतड थांबेपर्यंत भाजायचं, खलबत्त्यात कुटायचं आणि चिनी मातीच्या बरणीत भरायचं. ती बरणी चुलीच्या अंगाला, फडकं बांधून. मी एकदा विचारलं होतं, एवढी मेहनत कशाला. तू म्हणालीस, "आमच्या खारपाणातल्या बाया जन्मापासून खारं पाणी पेतात. अंगात मीठच मीठ. वरून बाजाराचं कच्चं मीठ दिलं त बाळंतीण फुगते. म्हून त्याचा जोर काढून द्या लागते." अमरावतीच्या बायांनी खारं पाणी कधी पाहिलंही नव्हतं, पण तू त्यांच्याही मिठाचा जोर काढत राहिलीस, आणि त्याही तुझ्या बरणीची वाट पाहत राहिल्या. त्या मिठाला एक भाजका वास होता. गरम भाकरीवर जवसाचं तेल आणि ते मीठ. अजून माझ्या जिभेवर आहे.

मला वाटलं तुझा जुना तवा गंजतो, दरवेळी घासावा लागतो, तर तुला एक छानसं मोठं ताट करून द्यावं. वर्कशॉपमध्ये उरलेला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा होता. कडा दुमडल्या, दोन मुठी बसवल्या. चकचकीत. दिवाळीला तुझ्यापुढं ठेवलं. तू ते हातात घेतेस, उन्हात धरतेस, नखानं खरडतेस.

"हे पांढरं काय हाये?"

"जस्त. गंज चढत नाई त्याच्यानं."

"मीठ लोखंड खाते. हे त त्याच्यापुढं काईच नाई. मीठ ह्याले खाईन. मंग हे जस्त कुठं जाईन?"

मी ताटाची मूठ चाचपतो.

"बाळंतिणीच्या पोटात. अन् तथून?"

तूच पुढं सांगतेस.

"तथून दुधात, बावा. बाळंतिणीच्या पोटात गेलेलं तिचं एकटीचं नसते. मोठा आला कारागीर. चमकते म्हून काईबी उचलतं का?"

त्या ताटात तू शेवटपर्यंत चुलीची राख भरलीस. मी रोज जातायेता ते पाहायचो. मला फार राग आला होता, तो बरीच वर्षं टिकला. आणि मग एक दिवस अकोल्यात एका मीठ पॅक करणाऱ्याचं यंत्र दुरुस्त करायला गेलो. बाहेरून आणलेलं, महागाचं. वर्षभरात नळ्या कुजल्या होत्या, फवारणीच्या तोट्या खाऊन रुंद झाल्या होत्या, एकीकडं धार आणि दुसरीकडं थेंबही नाही. मालक म्हणाला, स्टील आहे म्हणून सांगितलं होतं. मी नखानं खरडलं. स्टील स्टील म्हणून सगळं सारखं नसतं. मिठाला पुरून उरणारं वेगळं आणि स्वयंपाकघरातल्या वाट्यांचं वेगळं. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, हे दुरुस्त करत नाही, नवीन करून देतो. त्याच्या शेडमध्ये उभा राहून मी हे बोलत होतो आणि डोळ्यांपुढं राखेनं भरलेलं ताट होतं. तेव्हापासून मी केलेलं एकही यंत्र कुजून परत आलेलं नाही. हे मी छाती काढून सांगतो, कारण खरं आहे.

आता आयोडीन म्हणजे काय ते तुला तुझ्या भाषेत सांगतो. गळ्यात एक गाठ असते, सगळ्यांच्याच, दिसत नाही. अंगाचं सगळं काम कोणत्या वेगानं चालायचं ते ती ठरवते, आणि त्यासाठी तिला आयोडीन लागतं. अगदी चिमटीतल्या चिमटीइतकं, पण रोज. ते मिळालं नाही तर गाठ सुजते, माणूस मंदावतो. मोठ्या माणसाचं एकवेळ निभतं. तान्ह्याचं तसं नाही, त्याचा मेंदू त्याच दिवसांत बांधला जात असतो. आणि तान्हं काही मीठ खात नाही. त्याला जे मिळायचं ते आईच्या दुधातून, आणि दुधात ते उतरायचं तर आधी आईच्या ताटात असावं लागतं. बाळंतिणीला म्हणूनच इतरांपेक्षा जास्त लागतं. ती दोघांचं खाते. तुझ्या खारपाणातल्या विहिरीत मीठ होतं, पण मीठ म्हणजे आयोडीन नव्हे. पाणी खारं असलं म्हणून गाठीचं भागतं असं नाही. म्हणून आयोडीन बाहेरून मिठावर फवारतात. मिठावरच का, तर ते श्रीमंत-गरीब सगळेच खातात आणि रोज साधारण तेवढंच खातात. माझं यंत्र एवढंच करतं. पट्ट्यावरून मीठ सरकत जातं, वरून धुक्यासारखं पाणी पडतं, आणि खालच्या फिरत्या मळसूत्रात ते कालवलं जातं. सोपं वाटतं. पण पहिल्या पोत्यात आणि शेवटच्या पोत्यात सारखंच उतरायला पाहिजे, एका खड्यावर चार थेंब आणि दुसरा कोरडा असं चालत नाही. तेवढ्यासाठी मी रात्रीचा दिवस केला.

हे तुला आत्ता लिहायचं कारण तुझी नात. तू गेलीस तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. आता तिला मुलगी झाली. सासर अमरावतीचं, बाळंतपणाला आमच्याकडं अकोल्याला आली. मुलगी गोरी नाही, माझ्यावर गेली आहे, आणि रडते ती तुझ्यासारखी, कुणाचं ऐकून न घेता. सगळं नीट चाललं होतं. पण काही आठवड्यांनी पोरगी थकलेली दिसू लागली. सगळ्याच बाळंतिणी थकतात म्हणून आम्ही सोडून दिलं. मग तिच्या गळ्याशी किंचित फुगवटा दिसला, साखळी घालताना तिलाच लागला हाताला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गोळ्या सुरू केल्या, आणि म्हणाल्या, कारणं पुष्कळ असतात, पण घरात मीठ कोणतं वापरता? पोरगी हसली. म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी बाबाच मिठात आयोडीन घालायचं यंत्र बनवतात." हे मला तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मीही हसलो. आणि मग ती हसायची थांबली आणि स्वयंपाकघराकडं पाहू लागली.

स्वयंपाकघरात तुझी सून मीठ भाजत होती.

तिला तूच शिकवलंस, तिच्या पहिल्या बाळंतपणात. तिनं एक पायरी सोडली नाही. पोरीला दिवस गेले तेव्हापासून बरणी भरून अमरावतीला धाडत होती, की लेकीनं सासरी दुसरं मीठ खाऊ नये. आणि गंमत पाहा, ती खडे मीठ ज्या दुकानातून आणते त्याला पुरवठा करणारा माझं गिऱ्हाईक आहे. म्हणजे ते मीठ माझ्याच यंत्राखालून आलेलं. मी ज्या थेंबासाठी तोट्या घासत बसलो तो थेंब माझ्याच घरच्या मोरीत.

"बाबा, तुमची बाटली आणा," पोरगी म्हणाली.

यंत्र गिऱ्हाइकाला सोपवताना मी खिशात एक छोटी बाटली ठेवतो. मिठावर तिचा थेंब टाकला की आयोडीन असेल तर मीठ जांभळं होतं. किती गावांत, किती मालकांपुढं मी हा थेंब टाकून दाखवला असेल. माझ्या घरात कधी टाकला नव्हता. ओट्यावर दोन बशा ठेवल्या. एकीत दुकानातलं कच्चं मीठ, दुसरीत बरणीतलं. पहिल्यावर थेंब पडला, जांभूळ चुरडल्यासारखा डाग उमटला. दुसऱ्यावर पडला आणि नुसतं ओलं झालं. मी पुन्हा टाकला. पुन्हा ओलं. मी बाटली उन्हात धरून तारीख वाचली.

"बाटली चांगली हाये, बाबा," पोरगी म्हणाली.

तुझी सून सांडशी हातात धरून उभी. "म्हंजे काय झालं?"

मी सांगितलं. धुतल्यानं बहुतेक सगळं जातं, कारण ते खड्याच्या वरच असतं. राहिलेलं उन्हात आणि तव्यावर. त्याच्यातून जे वाचेल ते चुलीजवळच्या बरणीत, फडक्याखाली.

"मंग इतके दिवस मले काहून नाई सांगितलं? गावभर शिकवत फिरता."

घरातलं मीठ मी कधी पाहिलंच नव्हतं, मी फक्त खात होतो. ते तुझ्यासारखं लागायचं, म्हणून मला ते तपासायचं सुचलं नाही.

"अन् आत्याबाईनं काय चुकीचं शिकवलं का मले?" ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण सांडशी खाली ठेवली. "त्यायच्या हातानं इतक्या बाया उठल्या. त्या असत्या समोर त तुमी असे बाटली घेऊन उभे राह्यले असते का?"

माय, मी राहिलो असतो. हे मी विचार करून लिहितो आहे. पण मी तिला तसं म्हटलं नाही. मी तिला जस्ताच्या ताटाची गोष्ट सांगितली, जी तिनं कधी ऐकली नव्हती, कारण मी ती कुणालाच सांगत नसे. नखानं खरडलंस ते सांगितलं. "बाळंतिणीच्या पोटात गेलेलं तिचं एकटीचं नसते," हे तुझ्याच आवाजात सांगितलं. पोरगी बाजेवर मुलीला पाजत होती, ती हसली, म्हणाली, "आजी लय डेंजर होती राजा." मग मी बायकोला म्हटलं, मायच्या वेळच्या मिठावर धुऊन जाण्यासारखं काही नव्हतंच. खड्यावरची माती जायची, कचरा जायचा. तिनं धुतलं ते बरोबर होतं. तवा तोच आहे, मीठ बदललं.

बरणीतलं मीठ तिनं फेकलं नाही. लोणच्याच्या फोडींना लावायला वेगळं काढून ठेवलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "मंग तो वास?" तिला जो प्रश्न पडला तोच मला पडला होता. भाजका वास गेला तर बाळंतिणीचं जेवण कसलं. यावर उपाय शोधायला मला वेळ लागला नाही, हे काम माझ्या हातचं आहे. यंत्रातही मी हेच करतो, जे उडून जाणार असेल ते शेवटी घालतो. तिला म्हटलं, तीळ, जवस, जिरं, लसूण तव्यावर भाज, चांगलं खरपूस. कुट. पार थंड होऊ दे. मग पुडीतलं मीठ, न धुतलेलं, न भाजलेलं, वरून कालव. भाजीतही शिजून उतरल्यावर घाल. बरणी झाकणाची, आणि चुलीपासून दूर. आणि जास्त नको, मीठ तेवढंच, नेहमीचं. तिनं केलं. मी भाकरीवर घेऊन खाल्लं. तुझं मीठ नव्हतं ते, पण तुझ्या शेजारचं होतं. मग पोरगी म्हणाली, बाटली द्या, आणि बशीतल्या मिश्रणावर तिनं स्वतः थेंब टाकला. तिळाजवसाच्या भुकटीत नीट दिसेना, म्हणून तिनं एक मिठाचा कण नखानं वेगळा काढला. जांभळा झाला. तुझी सून त्या कणाकडं वाकून पाहत राहिली आणि म्हणाली, "दिसलं बाप्पा."

पोरीचा पुढचा अहवाल चांगला आला. मिठानंच झालं असं मी म्हणणार नाही. गोळ्याही चालू होत्या, आणि डॉक्टरीणबाई नेमकं बोलतात ते मला आवडतं. मुलगी मान धरते, आवाजाकडं वळते, माझ्या चष्म्यावर झडप घालते. तेवढं मला पुरेसं आहे.

आता एका माणसाचं सांगतो. जठारपेठेत बाळंतिणीचं सामान विकणारा एक व्यापारी आहे, डिंकाचे लाडू, हळीव, काढे. तुझ्या सुनेचं जुनं भाजलेलं मीठ शेजारपाजारी जायचं, त्यातलं त्याच्या घरी पोचलं होतं. तो माझ्या शेडवर आला. मला 'साहेब' म्हणाला, आजवर मिस्तरी म्हणायचा. भिंतीवरचा तुझा फोटो त्याला दिसला, तोच, अंगणात लुगड्यावर मीठ पसरून तू उन्हानं डोळे बारीक करून बसली आहेस तो. म्हणाला, हा फोटो, आईचं नाव आणि ही रीत मला द्या, भाजायचं मोठं यंत्र तुम्ही करा, बाकी माझं. मी म्हटलं, पाहू. तो फोटो मोबाइलमध्ये काढून घेऊन गेला आणि काही दिवसांनी नमुन्याचं पाकीट छापूनच घेऊन आला. वर तू. खाली लिहिलेलं, बाळंतिणीसाठी खास, धुतलेलं, भाजलेलं, बिना केमिकल.

मी म्हटलं, "भाजून थंड झाल्यावर वरून आयोडीन फवारू. यंत्र माझंच आहे. वास तोच राहील."

"मंग त्याच्यात अन् किराण्याच्या मिठात फरक काय राह्यला, साहेब? बिना केमिकल, एवढंच त विकायचं हाये."

"खायचं मीठ कायद्यानं आयोडीनशिवाय विकता येत नाही."

"खायचं म्हून कोण लिहिते? परंपरागत लिहू. घेणारी काय करते ते तिचं ती पाहीन."

"घेणारी बाळंतीण असेल."

"तेच त म्हणून राहिलो. बाळंतिणीच्या मालाले कोणी भाव करत नाई."

मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. काहून, असं त्यानं तीनदा विचारलं. मी म्हटलं, माझी माय नखानं खरडून पाहायची. त्याला ते कळलं नाही, कळावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. जाताना म्हणाला, "मिस्तरी, इचार करा."

विचार करायला काही नव्हतंच. आयोडीन नसेल तर नाही म्हणायचं, हे मी तो पहिल्यांदा आला त्याच दिवशी ठरवलं होतं. तरी 'पाहू' म्हणालो आणि त्याला पाकीट छापू दिलं, हे तुला सांगायलाच हवं. तुझा तो फोटो जुना झाला आहे, चेहरा पुसट झाला आहे, आणि व्यापारी म्हणाला होता की छापणारा पोरगा फोटो साफ करून देतो. मला तुझे डोळे पाहायचे होते. दिसले. पाकीट मी परत केलं नाही. लेथच्या वरच्या फळीवर ठेवलं आहे, मीठ ओतून टाकून, आणि हा कागद घडी घालून त्यातच ठेवणार आहे. त्याच्यापलीकडं या कागदाला जायला जागा नाही. तुझा चेहरा, तुझं नाव आणि बाळंतिणीच्या मिठाची तुझी रीत, या तिन्हींचे मिळून तो व्यापारी मला अठरा लाख रुपये देत होता.